मुलुंड चेकनाक्याअलीकडचे वारस



प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती गेली म्हणून ज्यांनी पेढे वाटले, त्यांनी एकदा मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या कार्यालयात जाऊन दिवंगत माणसाचा फ्लॅट वारसाच्या नावावर करून मागावा. गिरगावातल्या एका सोसायटीने याच आठवड्यात सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंना परत पाठवले. नवरा कायदा बदलल्यानंतर गेला, मृत्युपत्र नोंदणीकृत, दोन्ही मुलांची संमती लेखी. तरी सेक्रेटरींचे एकच पालुपद: ‘प्रोबेट आणा, मग शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवू.’ ही सक्ती करणारे भारतीय उत्तराधिकार कायद्यातले कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळले. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ते अजून सुखाने नांदते आहे.

मुळात ही सक्ती होती तरी कोणावर? हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी यांच्यावर, आणि तीही कोलकाता, चेन्नई व मुंबई या इंग्रजांच्या तीन जुन्या शहरांपुरती. मुसलमानांना ती कधी नव्हतीच, ख्रिस्ती समाजाची २००२ साली सुटका झाली. घर आणि मृत्युपत्र दोन्ही ठाण्यातले असले तर प्रोबेट लागत नसे. तोच माणूस मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे, मुंबईच्या हद्दीत राहत असला, की मुलांनी उच्च न्यायालय गाठायचे. जकात गेल्यावर नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा संपल्या, वारसांची रांग मात्र तशीच राहिली.

आता ७५ हजारांचे बघा. महाराष्ट्रात प्रोबेटसाठीच्या न्यायालयीन शुल्काची कमाल मर्यादा ७५ हजार रुपये. मुंबईतल्या घरांच्या किमती बघता वन रूम किचनवाल्यालाही ही मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. म्हणजे लालबागच्या दोन खोल्यांना ७५ हजार आणि मलबार हिलच्या बंगल्यालाही ७५ हजार! वकिलाची फी, नोटिसा, हेलपाटे यांचा हिशेब वेगळाच. ही मर्यादा गरिबांच्या सोयीसाठी ठेवली, असे कोणी म्हणत असेल तर त्याने लालबागला येऊन सांगावे.

बरे, मलबार हिलवाले हे ७५ हजार तरी भरतात का? धीरूभाई अंबानी २००२ साली मृत्युपत्र न करता गेले आणि पुढची तीन वर्षे दोन भावांचे काय झाले ते सगळ्या देशाने पाहिले. कोलकात्यात प्रियंवदा बिर्ला २००४ साली वारल्या. त्यांच्या मृत्युपत्राचा वाद वीस वर्षे उलटली तरी न्यायालयात रेंगाळत राहिला. यातून धडा घेतला तो बड्या घराण्यांनी. १८८२ च्या कायद्याखाली फॅमिली ट्रस्ट काढायचा, कंपनीचे शेअर हयातीतच त्यात घालायचे. मालमत्ता एकदा ट्रस्टची झाली की मृत्युपत्रात लिहायला उरते काय, आणि प्रोबेट घ्यायचे कशाचे? प्रवर्तकांच्या अशा ट्रस्टना शेअर घेताना लागू होणाऱ्या खुल्या ऑफरच्या सक्तीतून सूट कशी मागायची, याचे परिपत्रक सेबीने २०१७ सालीच काढले. अशा ट्रस्टच्या उत्पन्नावर बहुधा चढ्या दरानेच आयकर लागतो, हे खरे. पण वारशासाठी न्यायालयाची पायरी चढणे टळते, आणि खरी किंमत त्याचीच आहे.

सरकारचा हात श्रीमंतांसाठी नेहमीच सैल. ८५ टक्क्यांपर्यंत चढणारा मृत्युकर विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८५ साली काढून टाकला, कारण वर्षाला जेमतेम वीस कोटी जमत होते. संपत्तीकरही २०१६ पासून गेला. चाळीतल्या खोलीचे प्रोबेट हटायला त्यानंतरही जवळपास दहा वर्षे लागली.

गंमत म्हणजे राज्याच्या सहकार कायद्याने सोसायट्यांना प्रोबेट मागायला कधी सांगितलेच नव्हते. २०१९ साली आलेल्या १५४ब-१३ या कलमात मृत्युपत्र, वारस दाखला, कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त किंवा नामनिर्देशन यांवर हस्तांतर करा, असे आहे. नॉमिनी हा मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या कुटुंबातल्या खटल्यात पुन्हा बजावले. तेव्हा समित्यांना धास्ती वाटते, हे समजू शकते. खरोखर तंटा असेल तर प्रोबेट आजही घेता येते, तो मार्ग बंद झालेला नाही. पण जिथे भांडणच नाही, तिथे समितीने न्यायाधीश का व्हावे? सहकार खात्याने एका पानाचे परिपत्रक काढावे: वारसांत वाद नसेल तर प्रोबेट मागू नये. आणि ज्यांना प्रोबेट हवेच असेल, त्यांच्या शुल्काची पायरी लालबागला खाली आणि मलबार हिलला वर न्यावी.

जाता जाता, मृत्युपत्राऐवजी हयातीतच घर देणाऱ्यांना लागणाऱ्या मुद्रांक शुल्काचेही. राहते घर नवरा, बायको, मुले, नातवंडे किंवा विधवा सून यांना बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. आयुष्यभर आईवडिलांची सेवा करणाऱ्या अविवाहित बहिणीला भावाने घर दिले तर ही सवलत नाही. ही यादी कोणी आणि कोणते कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून केली, हे मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांनी सांगावे.

गिरगावातल्या त्या बाईंचा अर्ज ‘कायदेशीर सल्ल्यासाठी’ राखून ठेवला आहे. समितीची पुढची बैठक महिन्याभराने, आणि दर महिन्याचे देखभाल बिल अजून नवऱ्याच्याच नावाने येते.

— एक वाचक, मुंबई