'त्रुटी'त अडकलेला अर्ज आणि किनाऱ्यावरची होडी



आपल्या कफ परेडच्या मच्छीमार नगरात लहान पोरालाही कळतं, की शाकारलेली होडी थेट दर्यात जात नाही. आधी ताडपत्री काढायची, डागडुजी, रंग, मग पाण्यात उतरवायची, बर्फ-डिझेल भरायचं, मगच तांडेल निघणार. कुठल्या अवस्थेतून कुठे जाता येतं, हे ठरलेलं असतं.

सरकारी पोर्टल बनवताना मात्र हेच विसरलं जातं.

मागच्या जुलैत ओळखीच्या एका नाखवांचा नूतनीकरणाचा ऑनलाइन अर्ज 'त्रुटी' म्हणून परत आला. (पोर्टलचं नाव घेत नाही, भांडण नावाशी नाही.) कागद पुसट होता, त्यांनी नवा चढवला. पण 'सादर करा' बटणच गायब! नवा अर्ज करावा तर 'आधीचा अर्ज प्रलंबित आहे'. १ ऑगस्टला बाकीच्या होड्या गेल्या, ह्यांची किनाऱ्यावरच. खलाशांचा खर्च मात्र चालू.

उत्तर काय मिळालं? "सगळी पानं तपासली होती." असतील तपासली, सुटी सुटी. पण माणूस एका पानावरून दुसऱ्यावर जातो त्या वाटा कोणी तपासल्या?

ह्यासाठी जुनी पद्धत आहे, फायनाइट स्टेट मशीन. म्हणजे मोजक्या अवस्था आणि त्यांच्यातल्या ठरलेल्या वाटा. अर्जाच्या अवस्था सहा धरा: कच्चा, सादर, तपासणीत, त्रुटी, मंजूर, नामंजूर. क्रिया पाच: सादर करणे, तपासणीला घेणे, त्रुटी काढणे, मंजूर करणे, नाकारणे. तक्ता मांडला की ३० घरं होतात. त्यातल्या सहा घरांत वाट आहे, उरलेल्या २४ घरांत स्वच्छ नकार हवा. तीसही घरं तपासायची. 'त्रुटी'तून 'सादर' ही वाट बंद आहे, हे पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

आणि स्क्रीनवर 'सादर झाला' दिसलं म्हणजे झालं असंही नाही. अर्ज साहेबांच्या यादीत खरंच पोचला का? यंत्राला बाहेरून प्रश्न विचारून आतली अवस्था ओळखता येते का, हा विचार एडवर्ड मूर यांनी १९५६ मध्ये मांडला. त्सुन चाउ यांनी १९७८ मध्ये त्याच धर्तीवर सॉफ्टवेअर तपासायची पद्धत दिली. म्हणजे 'तंत्रज्ञान नवीन आहे' ही सबब चालणार नाही.

ह्या तक्त्याने सगळ्या चुका सापडत नाहीत. रकमेचा हिशोब चुकला तर तो वेगळाच तपासावा लागतो. पण माणूस मध्येच अडकणार नाही, एवढं नक्की बघता येतं.

म्हणून मागणी साधी आहे. पोर्टलचं काम देताना निविदेतच हा तक्ता मागा. सुरू करण्याआधी तो मराठीत आमच्या मच्छीमार सोसायट्यांना दाखवा. आमचा कुठलाही नाखवा बोट ठेवून विचारेल, "साहेब, ह्या 'त्रुटी'तून बाहेर कसं पडायचं?"

तो प्रश्न कागदावर असताना विचारला तर फुकट आहे. १ ऑगस्टला विचारायची वेळ आली तर त्याची किंमत घरातली चूल मोजते.

पटलं तर पुढे पाठवा.