घोड्याची चंदी कुणी द्यायची?

दोस्तांनो, माथेरानला घोड्यावर बसला असाल, तर आठवा बरं. आधी भीती, मग मजा आणि दुसऱ्या दिवशी भरून आलेल्या मांड्या! आज मात्र निराळ्या घोड्यांची गोष्ट. हे शर्यतीत पळत नाहीत, वरातीत नाचत नाहीत. त्यांचं काम एकच, संथपणे चालायचं.

नुसतं चालून काय होतं? घोडा चालला की पाठीवर बसलेल्याची कंबर हलते, जवळजवळ आपण स्वतः चालताना हलते तशीच. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्या मुलाला नीट चालता येत नाही, त्याला तिथे दर पावलाला तोल सावरावा लागतो. पाठीचे, पोटाचे स्नायू कामाला लागतात. एक जण घोडा धरून पुढे चालतो, गरज असेल तर दोघं दोन्ही बाजूंना. याने आजार पळून जातो असं कुणी सांगितलं, तर खुशाल खोटं समजा. पण तोल सुधारायला मदत होते. शिवाय व्हीलचेअरवरून कायम मान वर करून बघणारं मूल एकदम सगळ्यांच्या डोक्यांवरून बघू लागतं!

डेन्मार्कच्या लिस हार्टेलना १९४४ साली पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. तरी त्या पुन्हा घोड्यावर बसल्या. चढायला-उतरायला मदत लागायची. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ज्युबिली नावाच्या घोडीवर त्यांनी रौप्यपदक मिळवलं, तेही पुरुषांच्या बरोबरीने खेळून! त्यानंतर ही कल्पना देशोदेशी पसरली. ब्रिटनमध्ये १९६९ साली 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन' स्थापन झाली. तिचं काम गावोगावचे स्वयंसेवक चालवतात.

माणसं फुकट राबतील हो, पण घोड्याचं पोट? साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज नऊएक किलो सुकी वैरण लागते. खूर नखांसारखे वाढतात, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद हवा. दातांच्या धारदार कडा कानशीने घासाव्या लागतात. पावसाने आठवडाभर वर्ग बंद राहिले, तरी चंदी काही बंद ठेवता येत नाही.

म्हणून काही केंद्रं घोड्याचं पालकत्व देतात. तुम्ही ठरावीक रक्कम पाठवायची, ती त्याच्या वैरणीला, औषधाला जाते. घोडा त्यांच्याच तबेल्यात राहतो (आईबाबा, घाबरू नका!). तुम्हाला फोटो येतो, खुशालीचं पत्र येतं. एकट्याला जमत नसेल, तर अख्ख्या वर्गाने मिळून एक घोडा घ्यावा.

मात्र पैसे देण्याआधी एक गोष्ट जरूर विचारा. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. या कामाला बहुधा शांत, पोक्त घोडे निवडतात. पुढे त्यांचे सांधे आखडतात, पाठीला ओझं सोसत नाही. मग तो जातो कुठे? त्याचं म्हातारपण कोण सांभाळतं? माझ्या मते, काम थांबल्यावर ज्याचं पालकत्वही थांबतं, ते पालकत्व कसलं! काही ठिकाणी अशा घोड्यांना कुरणात मोकळं सोडतात, नालबंद आणि डॉक्टर तिथेही येतात. तुमचा घोडा कुठे जाणार, हे पहिल्याच पत्रात विचारून टाका. आणि हो, त्याला गाजर आवडतं का, तेही!