हरविणारा खेळ विकत घ्यावा काय?

खेळ हा करमणुकीसाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. मग जो खेळ खेळणाऱ्याची दमछाक करतो, त्याला वारंवार हरवितो आणि शेवटी त्याच्या वागणुकीचा जाबही विचारतो, तो पदरचे पैसे मोडून घरी का आणावा? ‘फ्रॉस्टपंक’ या संगणकीय खेळाविषयी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत बरेच कुतूहल आहे. म्हणून या प्रश्नाचा येथे थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते. नोटांचा छापखाना आपल्या देवासला आहे खरा. पण त्या नोटा आपल्या घरी येतात त्या वडीलधाऱ्यांच्या कष्टांतूनच!

पोलंडमधील वॉर्सा येथील ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’ या कंपनीने हा खेळ २०१८ साली बाजारात आणला. त्यातील कल्पना अशी : साल १८८६, सारी पृथ्वी हिमाने गोठली आहे आणि कोळशावर चालणाऱ्या एका प्रचंड भट्टीभोवती काही माणसे वसाहत उभारीत आहेत. मुख्य डावात आरंभी अवघी ८० माणसे असतात. खेळणारा हा त्यांचा नायक. सर्वांना कोळशावर लावावे तर अन्न मिळत नाही. अन्नामागे धाडावे तर भट्टी विझते. थंडी मात्र वाढतच जाते. लोकांची आशा आणि त्यांचा असंतोष यांची मापे सतत डोळ्यांसमोर असतात. आशा मावळली किंवा असंतोष अनावर झाला, की लोक नायकालाच हाकलून देतात.

खरी कसोटी लागते ती कायदे करताना. मुलांना कामास जुंपावे की त्यांच्यासाठी आश्रयगृह बांधावे? अन्न पुरेना, तर पातळ सूप वाढावे की त्यात लाकडाचा भुसा मिसळावा? कामाची पाळी चौदा तासांची करावी काय? प्रत्येक निर्णयाने आजची अडचण टळते आणि उद्याच्या माथी नवे ऋण चढते. डाव जिंकल्यावरही, हे सारे एवढ्या मोलाचे होते काय, असा प्रश्न हा खेळ विचारतो.

ही गोष्ट देवासकरांस परकी वाटू नये. जुनी तळी उपेक्षित राहिली, गाव कूपनलिकांवर विसंबला आणि जमिनीतील पाणी खोल खोल गेले. अखेर एप्रिल १९९० मध्ये इंदूरहून पाण्याने भरलेली आगगाडी देवासला आली. तिचे ढोलताशांनी स्वागत झाले! तहान भागविणे भागच होते. परंतु गाडीने आलेले पाणी हा आजचा उपाय होता, उद्याचा नव्हे. पुढे २००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या प्रेरणेने शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतांत तळी खोदली. जिल्ह्यात अशी हजारो तळी झाली. आजची निकड आणि उद्याची तरतूद यांतील हा झगडा जो खेळ मनावर ठसवितो, त्यास निव्वळ कालापव्यय म्हणता येणार नाही.

आपल्याकडेही मोक्षपटासारखा खेळ नीती शिकवीत असे. पण तेथे कवड्या पडतील तसे चढावे वा घसरावे लागे. येथे दैवाचा हात थोडा. घसरण बहुधा आपल्याच निर्णयाने होते.

आता आक्षेपांकडे वळू. कठोर कायद्यांनीही हा डाव जिंकता येतो. मग त्यातून मुले कठोरपणाच शिकतील, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप आम्ही उडवून लावीत नाही. सद्सद्विवेक खेळणाऱ्याने स्वतःच बरोबर आणावा लागतो. युरोपात या खेळास १६ वर्षांची वयोमर्यादा लावलेली आहे. दुसरा आक्षेप वेळेचा. एक डाव पुरा होण्यास कित्येक तास लागतात, आणि परीक्षेच्या दिवसांत तेवढा वेळ देणे परवडणारे नाही.

तेव्हा आमचे मत असे : सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांनी हा खेळ घेऊ नये, तो कोठे पळून जात नाही. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी आईवडिलांच्या संमतीने, सुट्टीत, अवश्य घ्यावा. मात्र दिवसभराच्या अभ्यासानंतर ज्याला चार घटका विसावा हवा, त्याला हा खेळ सुख देणार नाही. ज्याला हरल्यावर ‘आपले कोठे चुकले?’ असे विचारावेसे वाटते, त्याचेच पैसे येथे सार्थकी लागतील. आरंभ सोप्या पातळीवरून करावा, त्यात कमीपणा नाही. ‘स्टीम’ या दुकानातून घेतल्यास, चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळ झाला असता, पैसे परत मागता येतात. आपल्या संगणकास हा खेळ पेलतो की नाही, याची परीक्षा तेवढ्या अवधीत करावी. वडीलधाऱ्यांनीही एखादा डाव शेजारी बसून पाहावा आणि मुलाने केलेल्या कायद्यांविषयी त्याला प्रश्न विचारावेत.

विद्यार्थिमित्रांनो, खेळ घ्या अथवा घेऊ नका. पण १९९० च्या उन्हाळ्यात घरी किती घागरी पाणी येत असे आणि ते कोणाच्या वाट्यास किती जाई, हे आपल्या आजीआजोबांस एकदा अवश्य विचारा. ज्या निर्णयांसाठी हा खेळ विकत घ्यावयाचा, तसले निर्णय आपल्या घरच्या माणसांनी एकेकाळी रोज सकाळी घेतले आहेत.