विश्लेषण : मूल पळवणारा हाती लागला; आता जमावाने काय करायचे?

परिसरातून एखादे मूल बेपत्ता झाले की सारी वस्ती एकवटते. संशयित पकडला गेला की तीच वस्ती पोलीस ठाण्याबाहेर जमते आणि ‘त्याला आमच्या ताब्यात द्या’ अशी मागणी सुरू होते. पहिली गर्दी मूल शोधून देऊ शकते. दुसरी गर्दी मात्र गुन्हेगाराविरुद्धचा खटला कमजोर करू शकते, प्रसंगी निरपराधाचा जीवही घेऊ शकते. अंधेरी, नागपूर आणि धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथील घटनांमधून हा फरक स्पष्ट होतो.

अंधेरीत काय घडले होते?

२२ जानेवारी २०१३ रोजी अंधेरी पश्चिमेतील सात वर्षांची एक मुलगी शाळेच्या वाटेवरून बेपत्ता झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्याच्या हद्दीतून २००८ ते २०१५ या काळात बेपत्ता झालेल्या १६६ मुलींच्या प्रकरणांचा पाठपुरावा सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले करत होते. त्यांपैकी १६५ मुलींचा छडा लागला, ही एक राहिली. त्यामुळे ‘१६६ क्रमांकाची मुलगी’ अशीच तिची ओळख झाली. भोसले २०१५ मध्ये निवृत्त झाले, तरी तिचा शोध त्यांनी सोडला नाही.

४ ऑगस्ट २०२२ रोजी ती सापडली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि स्वतःच्या घरापासून फार दूर नव्हती. मूल नसलेल्या एका दाम्पत्याने तिला पळवले, काही काळ परराज्यात ठेवले आणि पुढे स्वतःचे मूल झाल्यावर तिला घरकामाला जुंपून मारहाण केली, असा पोलिसांचा आरोप आहे. तिची सुटका झाल्यावर पतीला अटक झाली आणि पत्नीवरही गुन्हा दाखल झाला.

या शोधात वस्तीचा वाटा काय?

मुलगी बेपत्ता झाली तेव्हा शेजाऱ्यांनी आणि पोलिसांनी परिसर पिंजून काढला होता, भिंतींवर तिच्या छायाचित्राची पत्रके लावली होती. त्यातलेच एक पत्रक नऊ वर्षांनंतर उपयोगी पडले. मुलगी जिथे कामाला जात होती, तिथल्या दुसऱ्या एका घरकाम करणाऱ्या महिलेला तिने आपली हकिगत सांगितली. त्या महिलेच्या मदतीने मोबाइलवर शोध घेतल्यावर जुने पत्रक समोर आले. त्यावरचे बहुतेक फोन क्रमांक बंद पडले होते. एक सुरू होता, आणि तो मुलीच्या शेजाऱ्याचा होता. त्या एका क्रमांकामुळे ती घरी पोहोचली.

या सुटकेसाठी मोर्चा, बंद वा घेराव यांपैकी काहीच लागले नाही. हकिगत ऐकून घेणारी एक सहकारी आणि नऊ वर्षे चालू राहिलेला एक फोन पुरेसा ठरला. त्यामागे वस्तीने सुरुवातीच्या दिवसांत चिकाटीने केलेले काम होते. शोधपत्रकावर एका ऐवजी अनेकांचे क्रमांक द्यावेत, त्यातला किमान एक पोलीस ठाण्याचा असावा आणि कुटुंबाने आपला क्रमांक बदलू नये, हा साधा धडा या प्रकरणातून मिळतो.

भीतीचे बोट परक्याकडेच का जाते?

‘मुले पळवणारी टोळी’ म्हटले की पोतडी घेतलेला भिक्षेकरी, परप्रांतीय फेरीवाला, भटक्या जमातीतील माणूस किंवा साधू डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात ओळखीचा माणूस मुलाला सहज सोबत नेऊ शकतो, कारण मूल त्याला पाहून ओरडत नाही आणि शेजाऱ्यांनाही शंका येत नाही. नागपुरात सप्टेंबर २०१४ मध्ये आठ वर्षांच्या मुलाचे खंडणीसाठी अपहरण करून त्याची हत्या झाली. त्यातील एक आरोपी मुलाच्या वडिलांच्या दवाखान्यातील माजी कर्मचारी होता. अंधेरीच्या प्रकरणातही मुलगी एका सर्वसाधारण दिसणाऱ्या कुटुंबात, भरवस्तीत राहत होती.

वस्तीची नजर फक्त अनोळखी चेहऱ्यांवर खिळली की ओळखीतले धोके नजरेआड होतात. शेजारच्या घरात अचानक आलेली, शाळेत न जाणारी, कोणाशी बोलू न दिली जाणारी मुलगी कोणाला खटकत नाही, आणि मुलाशी दोन शब्द बोलणारा वाटसरू मात्र संशयित ठरतो.

राईनपाड्यात मूल हरवले होते का?

नाही. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागण्यासाठी फिरणाऱ्या या माणसांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातले होते. मुले पळवणाऱ्या टोळीच्या चित्रफिती आणि संदेश त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. देशभर पसरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक तर पाकिस्तानातील बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेली होती. तिचा शेवट, म्हणजे मूल परत आणून सोडण्याचा भाग, कापून ती खऱ्या अपहरणाचे दृश्य म्हणून पसरवली गेली.

त्याच रात्री शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मालेगावात याच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले होते. त्यांच्यासोबत लहान मूलही होते. तिथे काही स्थानिकांनी त्यांना घरात आसरा दिला आणि पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले. दोन्हीकडे अफवा सारखीच होती. मालेगावात दार उघडून आत घेणारे आणि जमावासमोर उभे राहणारे कोणी तरी निघाले, एवढाच फरक.

या घटनांनंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने पुढे ढकललेल्या संदेशांवर तशी खूण दाखवणे सुरू केले आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा आणली. तरीही एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाचा जीव गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात रस्ता विचारणाऱ्या साधूंना मारहाण झाली. अंधेरीतील मुलगी सापडल्याला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता.

नागरिकांना संशयिताला पकडता येते का?

येते, पण मर्यादेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार आपल्या समोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्या व्यक्तीला नागरिक पकडू शकतात. मात्र तिला विनाकारण विलंब न लावता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावे लागते. ‘समोर’ हा यातला महत्त्वाचा शब्द. संदेशात वर्णन वाचले, कपडे वेगळे वाटले, भाषा कळली नाही, एवढ्यावर हा अधिकार मिळत नाही. आणि पकडण्याचा अधिकार म्हणजे मारण्याचा अधिकार नव्हे.

जमावात आपण फक्त उभे होतो, हा बचावही नेहमी टिकत नाही. बेकायदा जमावाने समान उद्देशाने केलेल्या गुन्ह्यासाठी त्यातील प्रत्येक सदस्य दोषी ठरू शकतो. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या हत्येसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद आहे. राईनपाड्याच्या घटनेनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडशाहीला आळा घालण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले होते.

संशयिताचे छायाचित्र ‘व्हायरल’ केल्याने काय बिघडते?

संशयिताला नेताना पोलीस त्याच्या डोक्यावर बुरखा का घालतात, असा प्रश्न संतापाने विचारला जातो. गुन्हेगाराचे लाड चालले आहेत, असे लोकांना वाटते. त्यामागचे कारण ओळखपरेड हे आहे. मूल किंवा साक्षीदार संशयिताला आधी ओळखत नसेल, तर त्याला इतर माणसांच्या रांगेत उभे करून ओळख पटवली जाते. त्याआधीच त्याचा चेहरा प्रत्येक मोबाइलवर पोहोचला असेल तर बचाव पक्षाचा वकील एवढेच विचारतो : साक्षीदाराने आरोपीला घटनास्थळी पाहिले होते की फोनवर? ओळखपरेडचे वजन तिथेच कमी होते.

मारहाणीचाही असाच परिणाम होतो. संशयिताच्या अंगावरील जखमा कोणी केल्या, त्याच्याकडच्या वस्तू कोणी हाताळल्या, त्याचा मोबाइल कुठे गेला, या प्रश्नांत तपास अडकतो. टोळी खरोखर असेल तर तिचा माग याच मोबाइलमधून लागण्याची शक्यता असते. मारहाणीत संशयित दगावला तर इतर मुले कुठे आहेत, हे सांगणारा माणूसच उरत नाही.

‘गुन्हा कबूल केला’ म्हणजे खटला संपला का?

नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्याने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट प्रत्यक्ष सापडली, तर तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. जमावाने मारून वदवून घेतलेल्या आणि मोबाइलवर चित्रित केलेल्या ‘कबुली’वर तर न्यायालय विसंबून राहणे कठीणच. गुन्हा सिद्ध होतो तो सीसीटीव्ही चित्रण, मोबाइलच्या नोंदी, साक्षी आणि वैद्यकीय अहवाल यांच्या आधारे.

‘कोणत्याही वकिलाने वकीलपत्र घेऊ नये’ ही मागणीही अशा वेळी पुढे येते. काही ठिकाणी वकील संघटना तसे ठरावही करतात. असे ठराव घटनाबाह्य आणि म्हणून निरर्थक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे. आरोपीला वकील मिळाला नाही तर त्याच मुद्द्यावर शिक्षेला आव्हान मिळू शकते आणि खटला पुन्हा चालवण्याची वेळ येऊ शकते. तसे झाले तर मुलाला आणि पालकांना पुन्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागेल.

मूल परतल्यानंतर वस्तीची जबाबदारी काय?

बेपत्ता मुलाचे छायाचित्र पसरवणे शोधासाठी आवश्यक असते. मूल सापडताच ते थांबवणे तितकेच आवश्यक असते. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार पीडित मुलाचे नाव, छायाचित्र, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा नियम वृत्तपत्रांपुरता नाही. सोसायटीच्या समूहात ‘आपली मुलगी सापडली’ असे आनंदाने टाकलेले छायाचित्रही त्यात मोडू शकते.

कायद्यापलीकडचा प्रश्न मुलाच्या रोजच्या जगण्याचा आहे. परतलेल्या मुलाला प्रत्येक पाहुण्यासमोर तीच हकिगत सांगायला लावणे, शाळेत त्याच्याकडे बोट दाखवणे, आईवडिलांना ‘लक्ष कुठे होते?’ असे विचारणे यातून जखम भरत नाही. वर्षानुवर्षे दूर राहिलेल्या मुलाला स्वतःचे घरही परके वाटू शकते. त्याला समुपदेशन हवे असते आणि शाळेची गाडी पुन्हा रुळावर यायला हवी असते.

मग नेमके काय करावे?

मूल बेपत्ता झाल्याचे कळताच पोलीस ठाणे गाठावे किंवा ११२ वा १०९८ वर फोन करावा. ‘२४ तास वाट पाहा’ असा कोणताही नियम नाही. बेपत्ता मुलाच्या प्रत्येक तक्रारीत अपहरणाची शक्यता गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१३ चा आदेश आहे. हद्दीच्या वादात न पडता कोणत्याही ठाण्याने गुन्हा नोंदवून तो योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. मुलाचे अलीकडचे छायाचित्र, अंगावरचे कपडे आणि शेवटचे कुठे दिसले, ही माहिती तयार ठेवावी. दुकानदार आणि सोसायट्यांनी त्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रण लगेच जपून ठेवावे, कारण अनेक यंत्रांत ते काही दिवसांनी आपोआप पुसले जाते.

संशयित हाती लागला तर त्याला हात न लावता पोलिसांना बोलवावे. त्यानंतर वस्तीचा राग व्यवस्थेकडे वळायला हवा : गुन्हा वेळेत नोंदवला का, आरोपपत्र मुदतीत दाखल झाले का, साक्षीदारांना संरक्षण आहे का, चार महिन्यांत मूल न सापडल्यास प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे गेले का? अटकेच्या दिवशी पोलीस ठाण्याबाहेर हजार माणसे जमतात. पुढच्या तारखांना न्यायालयात बहुतेकदा आईवडीलच बसलेले असतात. साक्षीच्या दिवशी शेजारची दोन माणसे त्यांच्यासोबत गेली, तर त्या कुटुंबाला आणि खटल्यालाही हजारांच्या घोषणांपेक्षा अधिक बळ मिळेल.