जोडशब्दाचा सांधा

सात आणि बारा हे आकडे. 'सातबारा' म्हणजे मात्र जमीन! गाव नमुना ७ मध्ये मालकी आणि १२ मध्ये पिकं, म्हणून हे नाव पडलं. पण मध्ये थांबलात तर नुसते आकडे, एका दमात म्हटलंत तर शेत. तसंच 'दोन, चार' हे मोजलेले आणि 'दोनचार' म्हणजे थोडेसे. 'चहा, पाणी' पाहुण्याला विचारायचं, 'चहापाणी' कुठे द्यावं लागतं ते तुम्हाला ठाऊक आहेच :)

शाळेत आपण समासाचा विग्रह घोकला. मीठभाकर म्हणजे मीठ, भाकरी वगैरे. मार्क मिळाले, विषय संपला. पण जोडशब्द तोंडाने कुठे तोडायचा हे कुणी शिकवलं नाही. ते घरात ऐकून ऐकून आलं. आता मुलांच्या कानावर मराठी कमी पडते, तेव्हा ते शाळेतच शिकवायला हवं असं मला वाटतं.

अडचण अशी की देवनागरीत प्रत्येक अक्षरातला 'अ' दिसतो, पण बोलताना त्यातले कित्येक गळतात. आपल्या धाराशिव जिल्ह्यातलीच नावं घ्या. नळदुर्ग म्हणजे 'नळ्-दुर्ग', सावरगाव म्हणजे 'सावर्-गाव', तामलवाडी म्हणजे 'तामल्-वाडी'. गाव, वाडी कुठे सुरू होते हे ओळखलं की बरोबर त्याच्या आधीचा 'अ' गळतो. सांधा चुकला की 'ताम्-लवाडी' झालीच म्हणून समजा.

कधी सांधा लपतोही. 'धाराशिव' हे धारा-शिव असं सरळ सुटतं. २०२३ पर्यंतचं 'उस्मानाबाद' मात्र जोडलंय उस्मान-आबाद असं, आणि जीभ तोडते उस्-मा-ना-बाद. उस्मानचा 'न' आबादने पळवला!

नॉर्वेच्या भाषेत तर सांधा चुकला की अर्थच उलटतो. तिथे 'रॉइकफ्रित' हा शब्द सलग लिहिला तर इथे धूम्रपान नाही, तोडून लिहिला तर खुशाल ओढा! बोलताना सलग शब्दाचा मुख्य जोर पहिल्या भागावर येतो, त्यावरून ऐकणाऱ्याला कळतं. आपल्याकडे एवढा ठळक जोर नाही. आपली भिस्त श्वासावर. म्हणून तर 'ग्राम पंचायत', 'बाल वाडी' अशा तोडलेल्या पाट्या मला खटकतात.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. सुट्टीत गावी जाताना मुलांना रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचू द्या, शेजारी आजी-आजोबांना बसवा. त्यांच्या तोंडात प्रत्येक गावाचा सांधा अजून शाबूत आहे. त्यांच्यामागे तो कुठल्याच पाटीवर लिहिलेला सापडणार नाही.

तुमच्या गावाकडची अशी नावं असतील तर जरूर कळवा.