माघारी फिरलेली सहल

गतवर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आपल्या नववीच्या वर्गाची दोन दिवसांची सहल रत्नागिरीहून निघाली आणि ठरलेल्या मार्गापैकी निम्मा मार्ग आक्रमून त्याच सायंकाळी परत आली. पुढे वर्गात त्या सहलीवर निबंध लिहावयास दिला असता बहुतेक निबंधांच्या शेवटी एकच तक्रार आढळली : "पावसामुळे सहल वाया गेली." निबंधांस गुण देऊन झाले, परंतु त्या वाक्यास उत्तर द्यावयाचे राहिले होते. ते येथे देतो. माझे मत असे आहे की, त्या सहलीत जे सर्वांत मोलाचे शिकावयास मिळाले, ते माघारी फिरल्यामुळेच मिळाले.

बेत मोठा होता. आरे-वारेच्या सागरी मार्गाने गणपतीपुळे गाठावयाचे, तेथून जयगडास जाऊन फेरीबोटीत गाडी चढवावयाची, शास्त्री नदीची खाडी ओलांडून तवसाळास उतरावयाचे आणि हेदवी, वेळणेश्वर पाहून गुहागरास मुक्काम करावयाचा. वेळापत्रक मीच आखले होते. प्रत्येक स्थळास पाऊण तास दिला होता. वाटेवरच्या मालगुंडास तर वेळेअभावी गाळूनच टाकले होते.

रत्नागिरी ते गणपतीपुळे हा सागरी मार्ग सुमारे २५ किलोमीटरांचा. आरे-वारेच्या चढणीवरून एका बाजूस सुरूचे बन, दुसऱ्या बाजूस फेसाळणारा किनारा आणि मधूनच दृष्टी पुसून टाकणारी पावसाची सर, असे ते दृश्य होते. दर दहा मिनिटांनी ऊन आणि पाऊस आपली पाळी बदलीत होते. मुलांनी गाण्यांचा सपाटा लाविला होता, व त्या आनंदात मीही सामील होतो.

गणपतीपुळ्यास पोहोचलो तेव्हा लख्ख ऊन पडले होते. स्वयंभू गणेशाचे देवालय, त्यामागील प्रदक्षिणेची टेकडी आणि समोर विस्तीर्ण वाळू, हे पाहून मुलांनी पाण्यात जाण्याची परवानगी मागितली. "घोट्यापर्यंत" असे बजावून मी ती दिली. ही चूक सर्वस्वी माझी होती. घोट्याचे गुडघे केव्हा झाले, हे कळलेही नाही. दोन मुलगे जेथे लाटा फुटत नव्हत्या अशा एका संथ पट्टीकडे सरकत होते, तोच जीवरक्षकाची शिटी कडाडली व त्याने धावत जाऊन दोघांस दंडास धरून बाहेर आणिले. मग त्याने आम्हांस समजाविले : लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी परत जाताना एका अरुंद वाटेने वेगाने आत ओढले जाते; त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्यास तीच जागा सुरक्षित भासते. त्या ओढीत सापडलेल्याने सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारू नयेत, त्यात दम संपतो. किनाऱ्यास समांतर पोहून ओढीबाहेर पडावे. या किनाऱ्यावर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. त्या दिवशी तशी बातमी आपल्या शाळेची झाली असती.

दुपारी जयगडास आलो. पूर्वेस सह्याद्रीच्या माथ्यावर हस्ताचे ढग जमले होते व वारा घोंघावत होता. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला होता, फेरीबोट बंद होती, आणि मासेमारी नौका आश्रयास खाडीत आत येऊन एकमेकींस खेटून उभ्या होत्या. खाडीस वळसा घालून पुलावरून गुहागरास जाता आले असते. पण अंधार, पाऊस आणि घाटवळणे! तरीही मी घुटमळत होतो, कारण मुक्कामाचे पैसे भरले होते. जवळ जाळे विणीत बसलेल्या एका वृद्ध खलाशास मी विचारिले. तो हसून म्हणाला, "गुरुजी, दर्या कुठं पळून जातोय? पोरांना परत आणा की!" आम्ही माघारी फिरलो.

येथे माझे मुख्य म्हणणे मांडतो. आपणांस संकटात लोटते ते धैर्य नव्हे. बहुधा ते वेळापत्रक असते. रजा संपत आलेली असते, खोलीचे भाडे दिलेले असते, पाहावयाच्या स्थळांची यादी खिशात असते. याच्या उलट दर्यावर्दी लोकांचे वर्तन पाहा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांस मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ आहे, आणि खवळलेल्या दर्याचाही. पूर्वापार कोळी बांधव नारळी पौर्णिमेस नारळ वाहून मगच नौका लोटीत आले आहेत. पिढ्यानुपिढ्या ज्यांचे पोट समुद्रावर आहे, ते थांबतात. आणि जो शनिवारी येऊन रविवारी परत जावयाचा, तो मात्र पाण्यात उतरतो!

पवित्र शास्त्रातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात हीच कथा आहे. पौलाने क्रेत बेटाजवळ थांबण्याचा सल्ला दिला. परंतु ते बंदर हिवाळा काढण्यास सोयीचे नव्हते, आणि दक्षिणेचा मंद वारा सुटताच सर्वांस बेत साधल्यासारखे वाटले. पुढे तुफानात गलबत फुटले. त्यावरील २७६ जीव देवाच्या कृपेनेच मिलिता बेटावर वाचले. सर्वांच्याच वाट्यास असे भाग्य येत नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येस, मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट वादळी हवेत बुडाली व ६०० हून अधिक माणसे प्राणांस मुकली.

कोणी म्हणेल, असे भीत राहिल्यास मुले भित्री होतील. मला तसे वाटत नाही. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर धुके, वारा व पाऊस यांचा काही नेम नसतो. १९४० पासून महायुद्धकाळात तेथे राहिलेल्या ब्रिटिश सैनिकांनी त्या बेटांस 'कदाचितचा देश' असे नाव ठेविले, कारण कोणताही बेत विचारला की तेथील लोक "कदाचित" म्हणत. ते लोक भित्रे नव्हेत. त्याच समुद्रावर ते मासेमारी करून जगतात. जो "कदाचित" म्हणावयास शिकला, तोच पुष्कळ वर्षे समुद्रावर जातो.

म्हणून शिक्षक व पालक यांस माझी विनंती आहे. सहलीच्या बेतात एक वेळ मोकळी ठेवावी. निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहावा. स्थानिकांचा शब्द आपल्या वेळापत्रकाहून वरचा मानावा. आणि परत फिरण्याचा अधिकार असलेला एक मनुष्य आधीच नेमावा, म्हणजे ऐनवेळी भरलेल्या पैशांकडे पाहून कोणी घुटमळणार नाही.

परतीच्या वाटेवर वेळच वेळ होता. मालगुंडास उतरून, १८६६ साली जन्मलेल्या केशवसुतांचे घर व स्मारक आम्ही दोन तास पाहिले. ते स्वतः शिक्षक होते, हे ऐकून मुलांनी माझ्याकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहिले. बाहेर पाऊस कोसळत होता व कोणासही घाई नव्हती.

विद्यार्थ्यांनो, तवसाळ अद्याप पाहावयाचे आहे. येत्या जानेवारीत आपण जाऊ. कदाचित.