केनियाला निघण्याआधी विचारायचे चार प्रश्न

पूर्वी सुट्टीच्या गप्पांत काश्मीर नाहीतर केरळ असायचं. आता आपल्या बुऱ्हाणपूरच्या घरांतही "मसाई माराला जाऊन यायचं का?" हा प्रश्न निघतो. मुलं पुण्या-बंगळूरला नोकरीला, रजा पाच-सहा दिवसांची आणि मुंबई ते नैरोबी विमानप्रवास साधारण सहा तासांचा. बेत जमण्यासारखा आहे. पण जंगल टिकावं असं मनापासून वाटत असेल, तर पैसे भरण्याआधी एक गोष्ट बघायला हवी: आपल्या पैशांतलं काही त्या जंगलाशेजारी राहणाऱ्या माणसांपर्यंत पोचतं का?

जंगलातला पाहुणा आपल्या गावाला नवा नाही. लोधीपुऱ्यातून तापीपलीकडे जैनाबादला गेलं की आहूखाना लागतो. आहू म्हणजे हरीण. मुघलांच्या काळात ते शाही शिकारीचं राखीव रान होतं. आजचा पाहुणा बंदुकीऐवजी कॅमेरा आणतो, पण तेवढ्यानं प्राण्यांचा त्रास संपत नाही. मारातल्या चित्त्यांचा एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. पर्यटकांची गर्दी असलेल्या भागात एका मादीमागे सरासरी 0.2 पिल्लं जगून मोठी झाली, कमी गर्दीच्या भागात 2.3. चित्ता दिवसा शिकार करतो. त्याच्याभोवती वीस गाड्या उभ्या राहिल्या, तर तो शिकार तरी कशी करणार आणि पिल्लांना काय भरवणार?

यावर मारातच एक उपाय निघाला आहे. राखीव क्षेत्राला लागून असलेली जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची आहे. 2005 नंतर त्यांतल्या अनेकांनी आपल्या जमिनी एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाड्यानं दिल्या. अशा क्षेत्राला कन्झर्व्हन्सी म्हणतात. कुटुंबाला ठरलेलं भाडं मिळतं, ठरवून दिलेल्या वेळी गुरंही चरतात, तंबू मोजकेच असतात आणि एका प्राण्याजवळ किती गाड्या थांबायच्या यालाही मर्यादा असते. व्यवस्था अगदी निर्दोष नाही. 2020 मध्ये कोरोनामुळे पर्यटक थांबले आणि भाडंही अडचणीत आलं. तरीही सिंहानं गाय मारली, तर मालकाला सिंह जिवंत ठेवण्याचं काही कारण उरतं.

हे कारण किती महत्त्वाचं आहे, ते आपल्या मध्य प्रदेशात दिसतं. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाहून 8 चित्ते कुनोत आले, 18 फेब्रुवारी 2023 ला दक्षिण आफ्रिकेहून आणखी 12. त्यांची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. पण त्याआधी वीसेक वर्षांपूर्वी गीरचे सिंह यायचे म्हणून कुनोतली 24 गावं उठवली होती, त्यांत बरीच घरं सहरिया आदिवासींची. सिंह आलेच नाहीत. त्या माणसांची आठवण आपल्या सहलीच्या हिशेबात कुठेच नसते. आणखी जवळचं बघायचं तर नेपानगरकडचं घाघरल्याचं जंगल. तिथे अतिक्रमणासाठी झाडं पडू लागली, तेव्हा आंदोलनाला उतरले ते आसपासच्या गावांतले आदिवासीच. जंगल राखायला आधी शेजारी उभा राहतो.

म्हणून सहल ठरवणाऱ्याला हे चार प्रश्न सरळ विचारा. मुक्काम राखीव क्षेत्रात आहे की कन्झर्व्हन्सीत, आणि जमीनमालकांना भाडं कसं मिळतं? गाइड स्थानिक आहे का, आणि त्यानं केनियातल्या गाइड संघटनेची परीक्षा दिली आहे का? प्राण्याजवळ गर्दी असेल, तर गाडी थांबून वाट बघेल की घुसेल? आणि चार दिवसांत तीन उद्यानं दाखवणार की एकाच ठिकाणी तीन रात्री ठेवणार? यातलं शेवटचंच निवडा. पळापळीत डिझेल जळतं आणि दिसतो तो रस्ता.

खर्चाचाही अंदाज हवा. 2024 पासून मारा राखीव क्षेत्राचं शुल्क परदेशी प्रौढ माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर, इतर महिन्यांत 100 डॉलर आहे. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या. तिचा दाखला नसेल, तर परतल्यावर आपल्याकडे विलगीकरणात राहावं लागू शकतं. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. केनियात 2017 पासून त्यांवर बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू डब्यातच न्यावेत.

आणि हेच चार प्रश्न आधी मेळघाटात विचारून बघा, असं मी सुचवेन. देडतलाई-धारणीच्या रस्त्यानं हरिसाल, सेमाडोहला आपण सकाळी निघून पोचतो. 1973-74 मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांतला हा एक. इथेही जंगलासाठी कोरकू गावं उठली आहेत, आणि इथेही गावातली तरुण मुलं गाइडचं काम करतात. वाघ दिसेल न दिसेल. पण रानपिंगळ्याबद्दल त्यांना जरूर विचारा. 1884 नंतर कोणाला न सापडलेलं हे घुबड 1997 साली शहाद्याजवळ पुन्हा सापडलं. जगात ते फक्त मध्य भारताच्या पट्ट्यात आहे, आपल्या खकनारकडेही त्याची नोंद झाली आहे. त्याला बघायला केनियातले लोक आपल्याकडे आले, तर त्यांनी आपल्याला कोणते चार प्रश्न विचारावेत, याचाही घरात एकदा विचार करून ठेवा.